'देव', 'दिवा', 'झ्यूस' : एकाच घरचे का?

कांदेपोहे : लेक ग्रीक देवांच्या गोष्टी वाचतेय. तिचा प्रश्न : झ्यूस वीज फेकतो, इंद्र वज्र फेकतो, मग झ्यूस म्हणजे इंद्रच ना? माझी त्यात भर : देव, दिवा, दिवस, झ्यूस आणि ग्रीक 'थिऑस' (देव) यांचं मूळ एकच का?

उंबरठा : निम्मं बरोबर. झ्यूसचा सख्खा भाऊ इंद्र नव्हे, वैदिक आकाशदेव 'द्यौस्'. 'द्य'चा 'झ' झाला याचं आपल्याला तरी नवल वाटू नये. आपणही 'अद्य'चं 'आज' आणि 'विद्युत्'ची 'वीज' केलीच की! ग्रीकमध्ये षष्ठी लावली की मूळचा 'द' परत डोकं वर काढतो : 'दिओस', म्हणजे झ्यूसचा. रोमनांचा ज्युपिटर म्हणजे तर मुळात हाकच, 'द्यौ बापा!' ऋग्वेदात (६.५१.५) तीच हाक आहे : 'द्यौष्पितः पृथिवि मातः'.

देव आणि दिवस याच कुळातले, लॅटिन 'देउस'ही. 'दिवा' मात्र 'दीप'वरून आला. 'थिऑस' नुसता दिसायला जुळा. शब्दाच्या सुरुवातीचा ग्रीक 'थ' सहसा संस्कृत 'ध'शी जुळतो, 'द'शी नाही.

आणि वज्राचं म्हणाल, तर आपल्याकडे सातबारा थोरल्याच्या (द्यौस्च्या) नावावर आणि जमीन कसतो भलताच (इंद्र), असं झालंय. एकट्या द्यौस्ला ऋग्वेदात एक अख्खं सूक्तही नाही.

बोरूबहाद्दर : आमची आजी गुरुवारला बेस्तरवार म्हणायची, म्हणजे बृहस्पतीचा वार. लॅटिनमध्ये तोच ज्युपिटरचा, इंग्रजीत 'थोर' या देवाचा. हेही सख्खं नातं?

उंबरठा : नाही, ही उसनवारी. ग्रहांचे वार ग्रीक-रोमन ज्योतिषाबरोबर इकडे आले. ज्युपिटरच्या ग्रहाला आपण बृहस्पती म्हणत होतो, म्हणून वार त्याचा झाला. जर्मानिक लोकांनी (इंग्रजांचे पूर्वज त्यांतलेच) ज्युपिटरच्या जागी स्वतःचा गडगडाटाचा देव थोर बसवला. मध्य प्रदेशात एरणला गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या काळचा स्तंभलेख आहे, इ.स. ४८४चा. भारतातल्या वारांच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि वार नेमका तुमच्या आजीचा : 'सुरगुरोर्दिवसे', म्हणजे देवांच्या गुरूच्या, बृहस्पतीच्या दिवशी.

गंमत मंगळवारची. 'ट्यूझडे'मध्ये लपलेला 'टिव' हा जुना देव शब्दाने आपल्या 'देव'चा सख्खा भाऊ. वार उसना, त्यातलं नाव घरचं.

कांदेपोहे : लेकीला सांगितलं. ती म्हणते, मग दिवाळी देवाची नाहीच?

उंबरठा : शब्दापुरती नाही. दीपावली, दिव्यांची ओळ.