दत्तक मुलीसाठी रोजचे वाचन: ती जवळ बसत नाही, तरी चालू ठेवावे का?

डिचोलीची आई:
नमस्कार. आमची सात वर्षांची मुलगी दत्तक प्रक्रियेतून गेल्या चतुर्थीच्या सुमारास घरी आली. त्याआधीचे तिचे सगळे आयुष्य संस्थेत गेले. रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी तिला गोष्ट वाचून दाखवते. ती ऐकते, पण पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. रोज तिला हरवलेल्या वासराचेच पुस्तक हवे असते आणि वासरू गोठ्यात परतले की ती लगेच "फिर से" म्हणते. नवे पुस्तक काढले तर उठून जाते. तिला हिंदी अधिक कळते, आमच्या घरात मराठी आणि कोकणी चालते. अशा वाचनाने नाते खरोखर जुळते का? आणि कृष्ण-यशोदेची गोष्ट सांगा, असे नातेवाईक सुचवतात, ती आताच सांगावी का?

दत्तक पालक, फोंडा:
ताई, वाचन अवश्य चालू ठेवा, मात्र तिला जवळ ओढू नका. संस्थेत सांभाळणारी माणसे पाळीपाळीने येतात आणि कधी कधी कायमची निघूनही जातात. त्यामुळे ठरलेल्या वेळी, त्याच आवाजात रोज येणारी गोष्ट अशा मुलाला मोठा आधार वाटते. शिवाय वाचताना मोठ्यांची नजर पानावर असते. डोळ्यांत डोळे घालून बोलणे ज्याला जड जाते, त्या मुलालाही मग शेजारचे माणूस सोसवते. तेच पुस्तक पुन्हा मागणे हा हट्ट नव्हे. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत भीती नसते, आणि वासरू आजही घरी पोहोचते ना, हे तिला पाहायचे असावे. आमचा मुलगाही असाच लांब बसायचा. एका रात्री मी पान उलटण्याआधीच त्याने पुढे होऊन त्याचा खालचा कोपरा चिमटीत धरला, माझ्याकडे मात्र पाहिले नाही. तेव्हापासून पाने उलटण्याचे काम त्याचेच आहे. गोष्टीवर प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नका; "वासरू घाबरले असेल," एवढे म्हणून थांबावे, ती बोलली तर ऐकावे.

बालसमुपदेशक, मडगाव:
यशोदेची माया मोठी आहे, याबद्दल दुमत नाही. पण ती गोष्ट एकदा या मुलीच्या कानांनी ऐकून पाहा. पुढे अक्रूर रथ घेऊन येतो, कृष्ण मथुरेला जातो आणि यशोदा मागे राहते. आपल्यालाही कोणी न्यायला येईल, असा अर्थ ती त्यातून काढू शकते. सांगायचीच असेल तर सध्या लोणी आणि उखळापाशी थांबावे. पेटीतून नदीत सोडलेल्या कर्णाची कथा तर ती बरीच मोठी होईपर्यंत बाजूलाच ठेवावी.

त्यापेक्षा तिच्या स्वतःच्या आयुष्याची एक वही तिच्यासोबत बसून तयार करा आणि तीही गोष्टीसारखी वाचा. त्यात संस्थेतील छायाचित्रे, तिथल्या मावश्या आणि मैत्रिणी, आपल्या घरचा पहिला दिवस, असे सगळे यावे. जे ठाऊक नाही ते गोड करून लिहू नये, कारण पुढे तीच या वहीवर विश्वास ठेवून प्रश्न विचारणार आहे. दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो, म्हणजे मूल नव्या घरी कसे रुळते आहे हे भेट घेऊन पाहिले जाते. त्या भेटीत संस्थेत कोणती गाणी आणि गोष्टी सांगत असत, हे आवर्जून विचारून घ्या.

फॉस्टर पालक, म्हापसा:
आमच्याकडे मूल काही काळासाठी असते आणि आपल्या घरी परत जाऊ शकते, म्हणून "हे कायमचे तुझे घर" असे सांगणारी पुस्तके आम्ही वाचत नाही. निघताना त्याचे आवडते पुस्तक मात्र त्याच्या पिशवीत देतो. भाषेविषयी सांगायचे तर गोष्ट आधी हिंदीत वाचा आणि तीच नंतर मराठीत वाचा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अनेक गोष्टी दोन्ही भाषांत विनामूल्य मिळतात. पणजीला पाटोवरील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या बालविभागातही तिला घेऊन जा आणि पुस्तक तिलाच निवडू द्या. तिने पुन्हा वासराचेच काढले तरी तेच घरी आणा.