मदत हवी आहे: सेस्ना १७२चं पॅनेल नवीन कापून घ्यावं की जुन्याच पत्र्यात जी५ बसवावेत?

नमस्कार मंडळी,

आमचं १९७५चं सेस्ना १७२एम विमान आहे. भागीदारीत घेतलेलं, ओहायोत असतं. या हिवाळ्यात ॲन्युअलसाठी (वार्षिक तपासणीसाठी) ते उघडणारच आहोत, तेव्हा व्हॅक्यूमवर चालणारे दोन्ही जायरो (फिरत्या चकतीवर चालणारी, विमानाचा कल आणि दिशा दाखवणारी उपकरणं) काढून त्यांच्या जागी गार्मिनचे दोन जी५ (छोटे डिजिटल डिस्प्ले) आणि मधल्या रेडिओंच्या स्टॅकमध्ये जीएनएक्स ३७५ (जीपीएस आणि ट्रान्सपाँडर) बसवायचं ठरलंय. घोडं अडलंय ते उपकरणांच्या पॅनेलपाशी.

या मॉडेलमध्ये समोर दिसतं ते फक्त प्लॅस्टिकचं आवरण. त्यामागे ॲल्युमिनियमचे दोन भाग: इंजिनाचे गेज आणि नॉब असलेला भाग विमानाला पक्का जोडलेला, तर पायलटसमोरचा जायरोंचा भाग रबरी शॉक माउंटांवर तरंगता. आमचं आवरण इतकं ठिसूळ झालंय की स्क्रू सोडवताना कोपऱ्याचा तुकडा हातात येतो. रबरही बसलंय, त्यामुळे तरंगता भाग एका बाजूला उतरलेला दिसतो. आणि मागे टॉर्च मारून पाहिलं तर कधीकाळी काढलेल्या एडीएफच्या (जुन्या रेडिओ दिशादर्शकाच्या) तारा तशाच, टोकं कापून मेणाच्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. कुठली तार जिवंत आणि कुठली मेलेली, हे बघून कळत नाही.

माझ्या भागीदाराचं म्हणणं सरळ आहे. जी५ नेहमीच्या ३⅛ इंची भोकात बसतो, मग पत्र्याला हात कशाला लावायचा? जायरो काढा, जी५ लावा, उडा. खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात हे मलाही मान्य आहे. पण सक्शन गेज (व्हॅक्यूम दाखवणारा) आणि एडीएफचा इंडिकेटर गेल्यावर उरलेल्या भोकांवर झाकणं मारायची, वर तेच तडकलेलं प्लॅस्टिक, हे पटत नाही. शॉक माउंट होते ते फिरत्या जायरोंसाठी. ते जायरोच जाणार असतील तर तरंगत्या भागाचं काम काय उरलं? म्हणून ०.०६३ इंच जाडीचा २०२४-टी३ ॲल्युमिनियमचा पत्रा सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) कापून पक्का बसवावा, असं माझ्या मनात आहे. यांत्रिक एअरस्पीड, अल्टिमीटर (उंचीमापक) आणि व्हीएसआय (चढ-उताराचा वेग दाखवणारं) राहणारच आहेत. ते आपापल्या जागी, मधल्या उभ्या ओळीत दोन जी५.

ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांना विचारायचंय: तरंगता भाग काढून पक्का पत्रा लावणं जी५च्या एसटीसीत (विमानातल्या बदलाच्या अधिकृत मंजुरीत) येतं की त्याचे कागद वेगळे? शॉपवाले पावडर कोटिंग सुचवतात, ते करावं का? मॅग्नेटोमीटर (जी५ला चुंबकीय दिशा पुरवणारा सेन्सर) कुठल्या पंखात ठेवलात? आणि भागीदाराला पटवण्यासारखं काही असेल तर तेही सांगा. नवीन पत्र्याचा हट्टच चुकीचा वाटत असेल तर तसंही स्पष्ट लिहा.

प्रतिसाद

हट्ट चुकीचा नाही, नवीन पत्रा करा. मी एव्हिऑनिक्सच्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या) कामातच आहे. पॅनेल अर्धवट उघडून केलेलं वायरिंग पुढच्या माणसाला फार छळतं. सगळं मोकळं झालं की मेलेली प्रत्येक तार मुळापर्यंत काढता येते. भागीदाराला एवढंच सांगा की ही संधी पुन्हा लवकर येत नाही.

एसटीसी जी५ बसवण्यासाठी आहे, पत्रा बदलण्यासाठी नाही. हा बदल मेजर (मोठा) की मायनर (किरकोळ), हे सही करणारा आयए (तपासणीचा अधिकार असलेला मेकॅनिक) ठरवतो. पत्रा कापायच्या आधी त्याला रेखाचित्र दाखवा, नंतर नको. मेजर ठरला तर फॉर्म ३३७वर (मोठ्या बदलांच्या नोंदीच्या अर्जावर) त्याचं वर्णन येईल.

पावडर कोटिंग दिसायला सुंदर, पण ते वीज वाहू देत नाही. जिथे ग्राउंड आणि बाँडिंग (धातूच्या भागांची एकमेकांशी विद्युत जोडणी) लागणार त्या जागा आधी झाकून घ्यायला सांगा. मी साधा रंगच देतो, कारण २०२४-टी३ला भट्टीची उष्णता द्यायला मला आवडत नाही. होकायंत्राजवळचे स्क्रू पितळी घ्या आणि काम झाल्यावर कंपास स्विंग करा, म्हणजे होकायंत्राची चूक तपासून घ्या.

मॅग्नेटोमीटर उजव्या पंखात ठेवा. डाव्यात पिटो हीटची (वेग मोजणाऱ्या नळीच्या हीटरची) तार आहे आणि तिच्यातून बराच करंट जातो. एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या) पोलादी केबलपासून लांब ठेवा. पक्का करण्याआधी प्रत्येक दिवा, स्ट्रोब चालू-बंद करून आणि योक (विमानाचं स्टिअरिंग) दोन्हीकडे पूर्ण फिरवून इंटरफिअरन्सची चाचणी घ्या. ती टाळली तर एचएसआयवरची (दिशा दाखवणाऱ्या जी५वरची) दिशा नंतर सरकते आणि पंख पुन्हा उघडावा लागतो.

अजून एक. पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचं पॅनेल कापून विमानात लावा, सीटवर बसा, योक पूर्ण पुढे ढकला. १७२मध्ये योकची नळी पॅनेलमागे आत जाते. रेडिओचा ट्रे किंवा तारांचा जुडगा तिला कुठे लागत नाही ना, हे दोघांनी मिळून तपासा: एक सीटवर, दुसरा खाली आडवा पडून.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. आयएशी उद्याच बोलतो. पुठ्ठ्याचं काम भागीदारालाच देतो, सीटवर बसून पाहिल्यावर त्याचं मत बदलेल असं वाटतंय. एक राहिलं: व्हॅक्यूम पंप, नळ्या आणि जायरो निघाल्यावर वजन आणि सीजी (गुरुत्वमध्य) हिशोबाने मांडता, की विमान प्रत्यक्ष काट्यावर चढवता? आमच्या जुन्या कागदांत एडीएफ अजून बसवलेलाच दाखवलाय, म्हणून विचारतोय.