मदत हवी आहे: नोव्हेंबर लागताच अंडी घटली, प्रकाशाचं गणित चुकतंय का?

लेअर_निफाड: नमस्कार मंडळी. उघडं शेड, तीन मजली पिंजरे, अंड्यांच्या कोंबड्या ३४ आठवड्यांच्या. जुलैअखेर उजेडाचे तास वाढवायला लाइट सुरू केली. बल्ब फक्त संध्याकाळी, रात्री साडेआठपर्यंत. उत्पादन (शंभर कोंबड्यांमागे रोजची अंडी) ९२ वरून ८४ टक्क्यांवर आलंय. खाद्य तेच, मर नाही, कवच चांगलं. संध्याकाळी सातला बऱ्याचदा वीज जाते. काय बदलू?

पिंजरा_आणि_पाखरं: बल्ब बंद व्हायची वेळ तीच राहिली, पण सकाळ पुढे सरकली. जुलैअखेर तुमच्याकडे सूर्य सव्वासहाच्या आत उगवतो, आत्ता पावणेसातला. म्हणजे अर्धा तास तिथेच गेला. अंडी देणाऱ्या कोंबडीचा दिवस कधीही आखडायचा नाही. प्रकाश कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथून अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं सुटतात. दिवस आखडला की ती मंदावतात, पुढे पिसं गळायला लागतात.

विजेचं म्हणाल तर, सातला जाऊन आठला आली आणि साडेआठपर्यंत टिकली तर फार बिघडत नाही, कारण पक्षी सर्वांत लांब अंधारालाच रात्र धरतो. सातला गेली ती आलीच नाही, तर मात्र त्या दिवशी दिवस सातलाच संपला.

वाढ सकाळच्या बाजूने करा: या आठवड्यात पहाटे सहाला लाइट, मग दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे, साडेचारपर्यंत. साडेचार ते साडेआठ, सोळा तास. याच्या पुढे नेऊन फायदा नाही. पहाटेचे बल्ब पुरतं उजाडल्यावरच बंद करा आणि संध्याकाळचे सूर्य मावळायच्या आधी लावा, मध्ये अंधार पडता कामा नये. संध्याकाळचा प्रकाश काढू नका. कवच रात्री बनतं, त्याआधी कोंबडीने कॅल्शियमवालं खाद्य पोटात घ्यायला हवं.

टायमर बॅटरी बॅकअपचाच घ्या. साधा फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. आठवड्याभरात साडेचारचे सहा होतात, कुणाला पत्ताही लागत नाही.

लक्स_मोजा_आधी: तास बरोबर असले तरी खालच्या मजल्यावर प्रकाश पोचतो का ते बघा. उजेड मोजायचं मीटर खालच्या गव्हाणीजवळ धरा, १० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) खाली नको, १५-२० उत्तम. गल्लीत दर दहा फुटांवर ७ ते ९ वॉटचा पिवळसर एलईडी, शेजारच्या गल्लीत त्यांच्या मधल्या जागी, समोरासमोर नको. बल्ब आठवड्याला पुसा, धूळ बराच उजेड खाते. वरच्या मजल्यावर फार प्रखर झालं तर चोची मारणं वाढेल.

आणि अंडी दोन-तीन दिवसांतच घसरली असतील, किंवा कवच पातळ, फिकट होत असेल, तर प्रकाश सोडा, आधी डॉक्टरांना दाखवा.

लेअर_निफाड: घसरण तीन आठवड्यांत हळूहळू झाली. एक राहिलं: पंचवीस फुटांवर तेरा आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आहेत.

पिंजरा_आणि_पाखरं: मग पहाटेचे बल्ब लावण्याआधी त्या बाजूला ताडपत्री सोडा आणि बल्बांना टोप्या बसवा. उजेड तिकडे सांडला तर तलंगा अंगाने भरायच्या आत अंड्यावर येतील: बारीक अंडी, गुदद्वार बाहेर येणं, मग त्यावर चोची. सध्या दिवस लहान होतोय, तो त्यांच्या वाढीला सोयीचाच आहे. त्यांची लाइट अठराव्या आठवड्यात, तीही हॅचरीच्या तक्त्यातलं वजन भरलं असेल तरच. नसेल तर एखादा आठवडा थांबा.

लेअर_निफाड: ताडपत्री आजच बांधतो. टायमरही बदलतो, आत्ताचा चकतीचाच आहे.