योआसोबीचे कोणते गाणे आधी ऐकावे? आपापले अनुभव लिहावेत

आयासे हा संगीतकार आणि इकुरा ही गायिका यांनी 2019 मध्ये सुरू केलेल्या 'योआसोबी' या जपानी द्वयीची गाणी कथांवरून रचलेली असतात. आधी कुणीतरी कथा लिहितो, मग आयासे तिच्यातून शब्द आणि चाल घडवतो आणि इकुरा ते गाते. आपल्याकडे भावगीतात कवितेचे शब्द तसेच ठेवून त्यांना चाल लावतात. इथे मात्र कथा पूर्ण विरघळवून नवे गीत केले जाते. म्हणूनच गाणे एकदा कथेआधी आणि एकदा कथा कळल्यावर ऐकावे, असे माझे ठाम मत आहे. नवख्या श्रोत्याला तुम्ही कोणते गाणे सुचवाल आणि ते तुमच्यापर्यंत कसे आले, हे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

माझे गाणे 'योरु नि काकेरु', म्हणजे 'रात्रीत धाव घेताना'. ते 15 डिसेंबर 2019 रोजी आले आणि सीडी न निघताही बिलबोर्ड जपानच्या लोकप्रिय गाण्यांच्या 2020 च्या वार्षिक यादीत पहिले ठरले. त्या वर्षी टाळेबंदीत मी पुण्यात घरी बसून जपानी परीक्षेची तयारी करत होते. चार-दोन शब्द कळत होते, पियानोचा वेग पायांना ठेका धरायला लावत होता, आणि हे दोन प्रेमिकांच्या रात्रीच्या भटकंतीचे गाणे असावे अशी माझी समजूत होती. काही महिन्यांनी होशिनो मायो यांची मूळ कथा शब्दकोश घेऊन वाचली. जीव द्यायला इमारतीच्या गच्चीवर जाणारी मुलगी आणि तिला अडवायला पुन्हा पुन्हा जिने चढत धावणारा तरुण, अशी ती कथा आहे. त्यानंतर आठवडाभर मला ते गाणे लावण्याचा धीर झाला नाही. पुन्हा लावले तेव्हा तोच ठेका मला जिन्यावरच्या पावलांचा वाटू लागला. गाणे थोर आहे, यात मला शंका नाही. पण ज्याचे मन सध्या खचलेले आहे त्याला मी ते सुचवत नाही, त्याच्यासाठी पुढच्या अनुभवांतली गाणी आहेत.

टोकियोहून एक संगणक अभियंता

मी 'गुन्जो' सुचवीन. गुन्जो म्हणजे गडद निळा रंग, चित्रकारांच्या पेटीतला अल्ट्रामरीन. हे गाणे 'ब्लू पिरियड' या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून स्फुरलेले असून त्यातला शाळकरी नायक टोकियोतला गजबजलेला शिबुया भाग पहाटेच्या निळ्या रंगात रंगवतो आणि तिथून चित्रकलेकडे ओढला जातो. मी स्वतः घरच्यांच्या आग्रहाखातर कला महाविद्यालयाचा प्रवेश सोडला होता, त्यामुळे गाण्यात अनेक आवाज एकत्र उसळून येतात तेव्हा मला पहिल्यांदा रडू आले होते. टोकियोत आल्यावर एका हिवाळ्यात पहिल्या गाडीने शिबुयाला गेलो. दिवसा माणसांनी फुललेला तो चौक जवळजवळ रिकामा होता, कचऱ्याच्या पिशव्यांवर कावळे उतरले होते, आणि सगळे खरोखरच निळे दिसत होते. तो निळेपणा काही मिनिटेच टिकला. घरी येऊन मी बारा वर्षांनी जलरंग उघडले.

सांगलीहून शास्त्रीय संगीताची विद्यार्थिनी

'आयदोरु', म्हणजे 'आयडॉल' (चाहत्यांची लाडकी तरुण गायिका-कलाकार), या गाण्याची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. 2023 मध्ये ते बिलबोर्ड जपानच्या यादीत 21 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मला त्याविषयी वेगळे सांगायचे आहे. तंबोऱ्याच्या सुरात वाढलेल्या माझ्या कानाला षड्ज हा घराच्या उंबऱ्यासारखा स्थिर लागतो, आणि हे गाणे तो उंबराच मध्येच हलवते. हे गाणे ज्या मालिकेसाठी आले त्या 'ओशी नो को' चे लेखक आकासाका आका यांनी लिहिलेली मूळ कथा वाचल्यावर मला त्याचे कारण उमगले असे वाटते. ती कथा नायिका 'आइ' (हे तिचे नाव) हिच्या गायनसमूहातल्या एका सहकारी मुलीच्या तोंडून येते, आणि गाण्यातही आधी भारावलेले चाहते, मग हेवा करणाऱ्या मैत्रिणी आणि शेवटी स्वतः 'आइ' बोलते. बोलणारे बदलत असताना सूर एकाच जागी कसा राहील? इकुराने प्रत्येकाला वेगळा आवाज दिला आहे, म्हणून कृपया हे गाणे कामे करता करता ऐकू नये.

नाशिकहून

'ताबुन'. वर्गात या शब्दाचा अर्थ 'कदाचित' असा शिकवला होता. डोळे मिटून पडलेल्या माणसाला खोलीत कुणाची तरी चाहूल लागते, ते कोण हे त्याला जवळपास ठाऊकच असते, आणि गाणे ऐकताना मला कळले की तो शब्द 'बहुधा' च्या अधिक जवळ आहे.

जपानमध्ये राहणारी एक आई

लहान मुलांसाठी 'त्सुबामे', म्हणजे पाकोळीसारखा तो चिमुकला पक्षी. मुलांच्या आवाजांसह गायलेले हे गाणे एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या बालकार्यक्रमासाठी रचले होते. माझी मुलगी ते बालवाडीतून शिकून आली. माझ्या परदेशी शेजारणींना 'त्सु' म्हणताना फार अडखळावे लागते. 'चूल' मधला च उच्चारणाऱ्या आपल्या जिभेला ते सहज साधते, याचा मला मनापासून आनंद झाला.

एका वृद्धसेवा केंद्रातील परिचारिका, मूळची कोल्हापूरची

माझे गाणे 'युउशा', म्हणजे वीर. 'फ्रीरेन' या जपानी ॲनिमेशन मालिकेसाठी ते 2023 मध्ये आले. तीत हजार वर्षांहून अधिक जगलेली जादूगारीण आपल्या जुन्या सोबत्याच्या, हिमेलच्या अंत्यविधीत रडते, कारण दहा वर्षे बरोबर प्रवास करूनही तिने त्याला जाणून घेतलेले नसते. आमच्याकडच्या एका आजोबांची मी आठ महिने सेवा केली. चहा घेण्याआधी ते रोज खिडकीकडे बोट रोखून 'योशी' असे मोठ्याने म्हणत, आणि तो मला स्मृतिभ्रंशाचा भाग वाटे. ते गेल्यावर त्यांची मुलगी सामान न्यायला आली, तेव्हा कळले की ते आयुष्यभर रेल्वेचे चालक होते. जपानी चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो ठीक असल्याचे मोठ्याने उच्चारतात; आजोबा रोज गाडी सोडत होते. त्या रात्री परतताना हे गाणे लागले आणि मला एक स्थानक पुढे जाऊन उतरावे लागले. मालिकेचे निदान पहिले दोन भाग पाहून मगच ते ऐकावे, अशी माझी विनंती आहे.