१००० यार्डांसाठी बुलेट: बीसी किती मनावर घ्यायचा?

नवाप्रेस:
मंडळी, नमस्कार. रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, बॅरल २४ इंची, ट्विस्ट १:८ (म्हणजे बॅरलमधल्या पिळाची एक फेरी ८ इंचांत). आतापर्यंत कारखान्याची १४० ग्रेनची (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप) मॅच काडतुसं मारत आलोय. आता घरीच काडतुसं भरायला प्रेस, डाय, तराजू, वेग मोजायला क्रोनोग्राफ सगळं जमवलंय आणि गाडी अडलीय ती बुलेटपाशी. मारायचंय कागदावर आणि स्टीलवर, १००० यार्डांपर्यंत. शिकार नाही.

यादीत तीन नावं उरलीत. हॉर्नडीची १४० ईएलडी मॅच, त्यांचीच १४७ ईएलडी मॅच आणि बर्गरची १४० हायब्रिड टार्गेट. १४७ चा जी७ बीसी (बीसी म्हणजे बुलेट हवा किती सहज कापते त्याचा आकडा, जी७ ही त्याची एक मोजपट्टी) .३५१ देतात, १४० ईएलडीचा .३२६. मग सरळ १४७ घेऊन मोकळं का होऊ नये? की यात काही गोम आहे? शिवाय एक जण सांगतो की बुलेट कुठलीही घे, पण एकेक तोलून गट पाड. दुसरा म्हणतो तोलण्यात काही राम नाही. माझ्या मॅगझिनमध्ये २.८६ इंचांपर्यंतचं काडतूस अडखळत नाही, एवढं मोजून ठेवलंय.

वाराबघा:
गोम आहे. बीसी खोटा नाही, पण त्याचा फायदा नक्की कुठे होतो ते बघायला हवं. जरा गणित करू, सोपं आहे.

१००० यार्ड म्हणजे ३००० फूट. १४० ग्रेनची बुलेट सेकंदाला २७०० फुटांनी निघाली आणि वाटेत हवाच नसती, तर १.११ सेकंदात पोचली असती. प्रत्यक्षात तिला साधारण १.४६ सेकंद लागतात. म्हणजे हवेने ०.३५ सेकंद उशीर केला. वारा बुलेटला किती ढकलणार हे या उशिरावर ठरतं, एकूण वेळेवर नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा सेकंदाला १४.७ फूट सरकतो. त्याला ०.३५ ने गुणा: पाच फुटांच्या थोडं वर, ६२ इंच धरा. बीसी वाढला की उशीर घटतो, आणि वाऱ्याच्या बाबतीत बीसीची करामत तेवढीच.

आता १४७ घ्या. बीसी सात-आठ टक्क्यांनी जास्त, पण बुलेट जड, त्यामुळे त्याच केसमधून (काडतुसाच्या पितळी नळकांड्यातून) ती पन्नासेक फूट हळू निघते. वजाबाकी करून फायदा उरतो पाचेक टक्के. ६२ चे ५९ झाले. ऐकायला बरं वाटतं, तीन इंच वाचले. पण अहो, ६२ असो की ५९, तो आकडा आपण ॲपमध्ये बघून स्कोपवर लावूनच टाकतो! शॉट बाहेर जातो तो वारा वाचण्यात चूक होते म्हणून. तुम्ही १० धरला आणि निघाला ११, तर १४० सरकणार ६.२ इंच आणि १४७ सरकणार ५.९. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी प्रकारातल्या १००० यार्डी टार्गेटवर दहाचं वर्तुळ १० इंच रुंद असतं, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे पाचच इंच. दोन्ही बुलेटी नवात गेल्या. एवढ्यासाठी १४७ च्या मागे लागायचं का, ते तुम्ही ठरवा.

उभ्या दिशेला काय होतं तेही बघा. या अंतरावर सुरुवातीच्या वेगातला १० फुटांचा फरक अडीच-तीन इंच खालीवर करतो. तुमच्या लोडमध्ये (दारू, बुलेट वगैरेंच्या ठरावीक जुळणीत) सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू शॉटमध्ये ३० फुटांचं अंतर असेल, तर आठ इंच तिथेच खर्ची पडले. म्हणून माझं मत असं: तुमच्या बॅरलला जी बुलेट कमी लाडांत, एकसारखी जाते ती घ्या. बीसी शेवटी बघा, बाकी सगळं समसमान ठरलं तर.

ट्विस्टबद्दल. बुलेट स्थिर राहायला किती ट्विस्ट लागतो हे वजनापेक्षा लांबीवर जास्त अवलंबून असतं. म्हणून तर अख्ख्या तांब्याच्या बुलेटला तेवढ्याच वजनाच्या शिसं भरलेल्या बुलेटपेक्षा घट्ट ट्विस्ट लागतो. तांबं हलकं, त्यामुळे तेवढंच वजन भरायला बुलेट लांबवावी लागते. मिलरच्या सूत्राने स्थिरतेचा आकडा काढा आणि तो १.५ च्या वर ठेवा. १ च्या खाली गेला तर बुलेट टार्गेटवर आडवी छापते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण १ ते १.५ च्या मधला पट्टा फसवा आहे. तिथे ग्रुप (टार्गेटवरचे गोळ्यांचे झुबके) छान येतात, फक्त बुलेट थोडी डुलत जाते आणि बॉक्सवरचा बीसी पुरता हाती लागत नाही. १:८ मध्ये १४० ऐसपैस बसते. १४७ सुद्धा स्थिर होते, पण हातात फारसं शिल्लक राहत नाही, आणि थंड, दाट हवेत ते आणखी कमी होतं.

जी१ आणि जी७ ची सरमिसळ करू नका. जी१ चा नमुना सपाट बुडाच्या, आखूड नाकाच्या गोळ्याचा आहे. आपल्या बोटटेल (मागे निमुळत्या) बुलेटचा जी१ बीसी वेग उतरेल तसा बदलत जातो. जी७ चा नमुना लांब बोटटेलचाच, त्यामुळे तो आकडा लांबवर टिकतो. तुलना करायची तर जी७ ची जी७ शीच.

नवाप्रेस:
वाराबघा, हे ५.९ आणि ६.२ वाचून डोकंच चक्रावलं. मग तीनमधली "कमी लाडांत" जाणारी कोणती ते कसं ओळखायचं? दोन्ही १४० चे खोके आणू का?

पितळप्रेमी:
वाराबघा दादांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष मला पूर्ण पटत नाही. ते एका मैलाची चूक धरतात. पण वारा उसळता असतो तेव्हा भलेभले तीन मैलांनी चुकतात, आणि मग तोच फरक इंचभर होतो. इंचभराने रेषेच्या आतबाहेर होतं. बीसी असा फायदा आहे की एकदा लोड जमला की प्रत्येक शॉटला आपोआप मिळतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. माझ्या १:७.५ च्या बॅरलमध्ये १४७ मस्त जाते. अर्थात माझा ट्विस्ट घट्ट आहे, हे मान्य.

वाराबघा:
पितळप्रेमी, १:७.५ असता तर मीही हाच सल्ला दिला असता. नवाप्रेस यांचा १:८ आहे आणि लोड अजून जमायचाय. ज्याचा उभा फैलाव अजून आठ इंच असू शकतो, त्याने आडव्यातला इंच आधी का शोधावा?

नवाप्रेस, तुमच्या प्रश्नाकडे येतो. दोन्ही १४० ची छोटी खोकी आणा. आधी लँड्स (बॅरलमधल्या पिळाचे उंचवटे) कुठे सुरू होतात ते शोधा, आणि दोन्ही बुलेटसाठी वेगवेगळं, कारण नाकाचा आकार वेगळा. मग दारू स्थिर ठेवून लँड्सपासून ०.०२०, ०.०४०, ०.०६०, ०.०८० इंच मागे असे टप्पे करून ग्रुप मारा. कुठला टप्पा मॅगझिनच्या २.८६ मध्ये मावत नाही ते आधीच तपासा, म्हणजे उगाच मेहनत नको.

आणि इथेच बहुतेक जण चुकीचं बघतात, सगळ्यात लहान ग्रुप कुठे आला ते शोधत बसतात. तुम्ही बघा किती टप्पे ओळीने चांगले आले. थ्रोट (बॅरलमधला लँड्सच्या तोंडाशी असलेला भाग) झिजतो, म्हणजे आज ठेवलेली जंप (बुलेट आणि लँड्समधलं अंतर) शॉट वाढतील तशी आपोआप वाढत जाते. जी बुलेट फक्त ०.०२० ला खूश आहे ती काही दिवसांनी रुसणार आणि तुम्ही बुलेट केसमध्ये बसवणाऱ्या सीटिंग डायचा स्क्रू फिरवत बसणार. जिला ०.०२० ते ०.०८० कुठेही चालतं ती ठेवा, मग तिचा सर्वोत्तम ग्रुप दुसरीपेक्षा थोडा मोठा का असेना. जुन्या व्हीएलडी (व्हेरी लो ड्रॅग) घाटाच्या बुलेटी, ज्यांचं नाक सीकंट वक्राचं (बाजूशी कोन करून सुरू होणारं), त्या या बाबतीत नखरेल म्हणून ओळखल्या जातात. हायब्रिडमध्ये नाकाची सुरुवात टँजंट वक्राने (बाजूत सलग मिसळणाऱ्या) होते आणि पुढे सीकंट लागतो. तो घाट याच दुखण्यावर काढला. तुमच्या बॅरलला ते पटतं का, ते बॅरलच सांगेल.

लँड्समध्ये घुसवून बसवायच्या फंदात पडू नका. दाब वाढतोच, शिवाय न मारता राऊंड बाहेर काढायची वेळ आली तर बुलेट बॅरलमध्ये अडकून राहते आणि दारू सगळ्या ॲक्शनमध्ये सांडते.

तोलण्याबद्दल: १४० ग्रेनमध्ये ०.२ ग्रेनचा फरक म्हणजे हजारात दीड भाग. १००० यार्डांवर त्याने अर्धा इंचसुद्धा हलत नाही. ज्यात हशील आहे ते मोजमाप वेगळं. कॅलिपरला कंपॅरेटर (नाकाच्या वक्रावर ठरावीक जागी बसणारा जोड) लावा आणि बुडापासून ओजाइव्हपर्यंतची, म्हणजे नाकाच्या वक्रापर्यंतची, लांबी बघा. टोकापर्यंतची एकूण लांबी मोजू नका. हॉलो पॉइंटचं तोंड भिंगाखाली धरलंत तर उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं, आणि कॅलिपर नेमकं तेच ओबडधोबड टोक मोजतो. ओजाइव्हच्या मापाने बघितलं की चांगल्या लॉटमधल्या बुलेटी इंचाच्या एका हजारांशाच्या आसपास जवळजवळ बसतात. एखादी चार-पाच हजारांशांनी बाहेर दिसली की ती फाउलर (साफ केलेल्या बॅरलमधून आधी मारायची, न मोजायची गोळी) म्हणून बाजूला ठेवायची. सीटिंग स्टेमचं तोंड बुलेटला टोकाला टेकत नाही ना, नाकाच्या बाजूला टेकतंय ना, हेही एकदा बघून घ्या. नाहीतर मोजमाप सगळं पाण्यात.

तीनशेआठ:
आमच्या .३०८ वाल्यांसाठी एक जोड देतो. बीसी शेवटी बघा हे ६.५ ला चालतं, कारण तिची बुलेट १००० यार्डांवरही आवाजाच्या वेगाच्या बरीच वर असते. .३०८ ला तसं नाही. सिएराची १६८ ग्रेन मॅचकिंग ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी जन्मली. तिच्या बोटटेलचा कोन १३ अंश. ६०० यार्डांपर्यंत तिच्यासारखी सरळ बुलेट नाही, पण १००० च्या सुमाराला वेग आवाजाच्या जवळ, म्हणजे सेकंदाला ११०० फुटांकडे उतरू लागला की ती बिथरते. त्याच घराण्यातली १७५ ग्रेन, कोन ९ अंशांचा, तो टप्पा बऱ्यापैकी पार करते. अमेरिकी सैन्याच्या एम११८एलआर काडतुसात तीच आहे. तेव्हा आपल्या अंतरावर बुलेटचा वेग किती उरतो ते आधी बघा, मग ठरवा बीसीला कितवा नंबर द्यायचा.

वाराबघा:
तीनशेआठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझं "बीसी शेवटी" हे टार्गेटपर्यंत वेग पुरतो हे गृहीत धरून होतं.

एक गोष्ट मघाशीच लिहायला हवी होती. दोन्ही बुलेटी १४० ग्रेनच्या आहेत म्हणून एकीचा लोड दुसरीला तसाच लावू नका. बॅरलला घासणारा भाग किती लांब आहे, बुलेट केसमध्ये किती आत जाते, जॅकेट किती कडक आहे, सगळ्याने दाब बदलतो. त्या बुलेटचं लोड मॅन्युअल उघडा, खालच्या आकड्यापासून सुरू करा आणि बोल्ट जड लागला किंवा केसच्या बुडावर चमकता ठसा दिसला तर तिथेच थांबा. इंटरनेटवर कोणी दिलेला चार्ज (दारूचं माप), माझा धरून, कॉपी करू नका. म्हणूनच मी इथे दारूचा एकही आकडा लिहिला नाही.

नवाप्रेस:
ठरलं. दोन्ही १४० चा शंभराचा एकेक खोका आणतो आणि चार टप्पे मारून बघतो. १४७ सध्या नको. शेवटचं विचारतो: जी जिंकेल तिची मोठी खरेदी एकदम करावी का?

वाराबघा:
करा, आणि सगळी एकाच लॉटची. खोक्यावरचा लॉट नंबर बघून घ्या. लॉट बदलला की ओजाइव्हची जागा काही हजारांशांनी सरकू शकते, आणि तुमची जंप तुमच्या नकळत बदलते. चाचणीच्या खोक्याचा लॉट मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर नव्या लॉटच्या दहा-बारा बुलेटी कंपॅरेटरवर मोजा आणि जेवढा फरक येईल तेवढा डाय हलवा. बॅरलला घासणारा भागही वेगळा वाटला तर चार्ज एक पायरी खाली आणून परत वर चढा. जुन्या लॉटमधल्या दोन-तीन बुलेटी डब्यात जपून ठेवा, तुलनेला लागतात.

पितळप्रेमी:
आणि हायब्रिड जिंकली तर इथे सांगा. माझ्याकडे एक खोका न उघडता पडलाय, तुमचे टप्पे बघून मीही उघडेन म्हणतो.