ट्री स्पॅरोला ‘रानचिमणी’ म्हणावं का?

प्रश्न : ब्रिटनमधल्या पक्ष्यांवरच्या लेखाचा अनुवाद करतोय. हाउस स्पॅरो म्हणजे आपली चिमणी. ट्री स्पॅरोला ‘रानचिमणी’ चालेल ना? दोघीही तिथल्या ‘रेड लिस्ट’मध्ये आहेत, म्हणून ‘नामशेष होत चाललेल्या’ असं लिहिलंय.

उत्तर : रानचिमणी नको. ते नाव आपल्याकडे पीतकंठी चिमणीचं आहे. गळ्यावर पिवळा ठिपका, घरटं झाडाच्या ढोलीत. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपली आणि ओळख पटवायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली, ती हीच. ट्री स्पॅरो वेगळी. भारतात ती ईशान्येकडे, दार्जिलिंगच्या बाजूला आणि आंध्रातल्या पूर्व घाटात भेटते.

‘वृक्षचिमणी’ही मला पटत नाही. युरोपात ती शेताशिवारात राहते हे खरं, पण टोकियो-बीजिंगमध्ये घरांच्या वळचणीला असते ती हीच. 1958 साली चीनने धान्य खाते म्हणून जिच्या जिवावर उठायचं ठरवलं, तीसुद्धा हीच. खूण बघा : माथा पूर्ण तांबूस, पांढऱ्या गालावर काळा ठिपका, आणि नर-मादी अगदी सारखे. आपल्या चिमणीत नराचा माथा राखाडी, गाल कोरे, मादी फिकी. म्हणून मी ‘गालठिपकी चिमणी’ सुचवेन.

दुसरं उत्तर : गालठिपकी आवडलं. पण ‘नामशेष’ आधी काढा. नामशेष म्हणजे फक्त नाव उरलं. ब्रिटनमध्ये घरचिमणीच्या आजही लाखो जोड्या आहेत. गालठिपकीची घट मात्र भयंकर आहे, 1970 ते 2008 मध्ये 93 टक्के. धान्याची पेरणी हिवाळ्याआधीच होऊ लागली, तशी दाणे टिपायला कापणीनंतरची रानं उरली नाहीत. तणनाशकांनी तणाचं बीही नेलं.

प्रश्नकर्ता : पण आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये दोघी ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे सर्वांत कमी चिंतेच्या गटात दिसतात. मग खरं काय?

दुसरं उत्तर : दोन्ही खरं. आययूसीएनच्या यादीत मूल्यमापन झालेली प्रत्येक जात असते, अगदी कावळासुद्धा. ब्रिटनची लाल यादी फक्त तिथे धोक्यात आलेल्या पक्ष्यांची. भारतातही 2020 च्या पक्षी-अहवालात चिमणी एकूण स्थिर, पण मुंबईसह सहा महानगरांत घटलेली आहे. वाक्य असं करा : ‘जगभरात दोघींनाही तूर्त धोका नाही; ब्रिटनमध्ये मात्र त्यांची संख्या इतकी घसरली की दोघीही तिथल्या लाल यादीत आहेत.’