भिंगरीला घेऊन धोडपला मुक्काम करावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं आणि आमची कुत्री भिंगरी नाशिक जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यावर जायचं म्हणतोय. चौघं म्हणजे मी, नवरा, नणंद आणि तिची मैत्रीण. भिंगरी चार वर्षांची, गावठी, १७ किलोची. पंचवटीत एका दुकानाच्या पायरीखाली सापडली तेव्हा ओंजळीत मावत होती. आता कपाटातून ट्रेकचे बूट काढले की ती दाराला पाठ लावून बसते, म्हणजे तिला सोडून कुणी जाऊच नये.

धोडप मी दोनदा केलाय, पण एका दिवसात आणि कुत्र्याशिवाय. वडाळीभोईला आग्रा हायवे सोडायचा, धोडंब्यावरून हट्टीला जायचं आणि तिथून चढायला सुरुवात. सोनारवाडीच्या माचीपर्यंतची, म्हणजे माथ्याखालच्या सपाटीपर्यंतची वाट भिंगरी हसत चढेल याची मला खात्री आहे. प्रश्न त्याच्या वरचा आहे. तिथली शिडी आणि कातळातल्या पायऱ्या आठवतात, पण मी त्या माणसाच्या पायांनी चढले होते. चार पायांनी काय होतं, ते ज्यांनी कुत्रं नेलंय तेच सांगू शकतील.

बाकीचे गड का नाही, हेही सांगते. हरिहरच्या पायऱ्यांना हाताने धरायच्या खोबण्या आहेत, कुत्रं कशाला धरणार? ब्रह्मगिरी आणि अंजनेरीला माकडांच्या टोळ्या, शिवाय देवदर्शनाला आलेली माणसं. त्यांना आपल्यामुळे त्रास नको. कळसूबाईचा डोंगर अभयारण्यात येतो, तिथल्या प्राण्यांना पाळीव कुत्र्यांचे रोग लागू शकतात, तेव्हा तिकडे न्यायचंच नाही असं आम्ही ठरवलंय.

आता खरी भीती सांगते. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही भिंगरीला रामशेजला नेलं होतं. आशेवाडीतून तासाभराचा चढ, पायऱ्या आहेत, घरापासून अर्ध्या तासावर, म्हणून पहिला गड तोच निवडला. पाऊस संपून गवत पिवळं पडलेलं, कमरेपर्यंत उंच. ती त्यात शिरायची, फक्त शेपटीचं टोक दिसायचं. किती आनंदात होती! दुसऱ्या दिवशी उजवा पुढचा पाय उचलून चालायला लागली. जवळच्या दवाखान्यात पाय मुरगळलाय म्हणून गोळ्या दिल्या, पंजा उलटा करून पाहिलासुद्धा नाही. आठ दिवसांनी दोन बोटांच्या मधे फोड आला आणि फुटला. दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन चीर घेतली आणि चिमट्याने बाहेर काढलं ते एक कुसळ. मी ते तळहातावर घेऊन पाहिलं. तपकिरी, सुईसारखं टोक, आणि टोकाच्या मागे बारीक ताठ केस, सगळे मागे वळलेले. बोट पुढून मागे फिरवलं तर गुळगुळीत, मागून पुढे फिरवलं की अडकतं. म्हणूनच ते एकदा कातडीत शिरलं की आत आतच सरकत जातं, आपोआप बाहेर येत नाही. तीन आठवडे तिची फिरती बंद होती. अजूनही उंच गवत दिसलं की ती थांबते आणि माझ्याकडे बघते. ते बघणं मला सहन होत नाही.

आपल्या हौसेची किंमत तिने मोजावी असं मला नको आहे. आणि घरी ठेवून गेलो तर ती दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, हेही खरं.

तर मदत अशी हवी आहे. मुक्काम माचीवर करावा की खाली गावात? बिबट्याचं काय? निफाड, दिंडोरीकडच्या उसातल्या बिबट्यांच्या बातम्या रोज वाचतो, आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाद्य. रात्री तिला तंबूत घेतलं तर पुरेसं आहे का? जानेवारीत कुसळांचा त्रास कितपत उरतो? शिडीचं वर विचारलंच आहे.

सगळ्या लसी झाल्यात, रेबीजचीही. गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस दोन्ही असतं.

प्रतिसाद १

ताई, शिडीचा विचार सोडून द्या. आम्ही दुसऱ्या एका गडावर आमच्या लॅब्रेडॉरला सॅकमध्ये घालून शिडी चढवली होती. चढताना गप्प होता, उतरताना खालची पोकळी दिसली आणि तो सॅकमध्ये उलटा फिरला. माझा एक हात सुटला. त्या दिवसानंतर आमचा नियम झाला: कुत्रं स्वतःच्या पायांनी चढून स्वतःच्या पायांनी उतरेल तिथपर्यंतच त्याचा गड.

माचीही काही लहान नाही, तटबंदी, पडके वाडे, मंदिर, बघण्यासारखं पुष्कळ आहे. राघोबादादा आणि माधवराव पेशव्यांची लढाई १७६८ मध्ये याच धोडपच्या परिसरात झाली. तेव्हा माथ्यावर गेलो नाही म्हणून धोडप झाला नाही, असं मनात आणू नका.

प्रतिसाद २

मी चांदवड तालुक्यातलाच. बिबट्याबद्दल लिहितो.

आमच्याकडे मेंढरं घेऊन धनगर येतात. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो, कारण बिबट्या मान धरतो. तुम्हाला तसला पट्टा नको, पण त्यामागचा विचार घ्या. अंधार पडायच्या आधी कुत्रं आत. लघवीलासुद्धा एकटं सोडायचं नाही, दोघांनी बॅटरी घेऊन, पट्टा हातात धरून न्यायचं. बाहेर खुंटीला बांधून झोपायचं तर अजिबात नाही, बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. खरकटं, मटणाची हाडं तंबूजवळ ठेवू नका. माझं ऐकाल तर माचीवर तंबू नकोच, हट्टीत कुणाच्या तरी ओसरीवर विचारा. गावात माणसं चांगली आहेत, मात्र कोंबड्या आणि शेळ्या सगळ्यांकडे आहेत, तेव्हा पट्टा सोडू नका. वनविभागाचा १९२६ हा नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

आणखी एक, ते कुणी सांगत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे द्राक्षं असतात. बांधावर, रस्त्याकडेला गळलेले मणी पडलेले असतात. कुत्र्याला द्राक्षं चालत नाहीत, थोड्याशा द्राक्षांनीही मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मनुकांचंही तेच. तुमच्या चिवड्यातल्या मनुका आणि पोह्यातला कांदा, दोन्ही तिच्यापासून लांब ठेवा.

प्रतिसाद ३

कुसळं जानेवारीतही असतात. बरीचशी गळून जमिनीवर आलेली असतात, म्हणजे पायाला जास्त आणि कानाला कमी. दर तासाने पाच मिनिटं बसा आणि पंजे तपासा, बोटांच्या मधे बोट घालून. घरी आल्यावर कान, काखा, जांघा. डोकं एका बाजूला झटकत राहिली तर कानात गेलंय समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. निघण्याआधी पंज्यांमधले केस कापून घ्या.

गोचिडाची गोळी चालू आहे का? नसेल तर आधीच डॉक्टरांना विचारून द्या. आमच्या बोक्याला (कुत्राच आहे, नाव बोक्या) गोचीडताप झाला होता, नाकातून रक्त आलं तेव्हा कळलं.

पाणी: १७ किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला लिटरभर लागतं, डोंगरात दुप्पट धरा. तिचं पाणी तुमच्या हिशेबाच्या वेगळं घ्या. आणि शेकोटी पेटवू नका, त्या वाळक्या गवतात ठिणगी पडली तर डोंगर जाईल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना नवऱ्याला आणि नणंदेला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. सॅकमध्ये उलटा फिरलेला लॅब्रेडॉर ऐकून नणंदेने स्वतःहून शिडीचा विषय मिटवला.

ठरलं ते असं. शनिवारी सकाळी साडेपाचला निघायचं, उन्हं चढायच्या आत माची गाठायची. माथ्याजवळची ती कातळातली खाच नणंदेला बघायचीच आहे, ती हायवेवरून लांबूनही दिसते आणि लहानपणापासून तिच्या डोक्यात बसलीय. ते तिघं वर जातील. मी भिंगरीबरोबर सोनारवाडीत सावलीला थांबेन, मी दोनदा वर जाऊन आलेय. दुपारनंतर खाली उतरून हट्टीत मुक्काम. तंबू नेतोय, पण तो कुणी परवानगी दिली तर अंगणात लावू. रविवारी गावाभोवती फिरून परत.

गोचिडाची गोळी कालच दिली. पंज्यांमधले केस कापताना तिने हात मागे घेतला नाही, फक्त त्या उजव्या पंजाला हात लावला तेव्हा नाक माझ्या मनगटावर टेकवून बसली.

एकच विचारायचं राहिलं. माचीवरच्या पाण्याची जानेवारीत काय परिस्थिती असते? पाणी खालूनच चढवायचं झालं तर सात लिटर माणसांचं आणि दोन तिचं, असा हिशेब धरलाय. हल्ली कुणी जाऊन आलं असेल तर कृपया कळवा.